मालक बघायचा

म्हाताऱ्याने भांडारपाल म्हणून जन्मभर एकच काम केलं होतं. वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची आणि ती कुणाची ते लिहायचं. सुनेला इंग्रजी शिकवायची वेळ आली तेव्हाही त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्याने टेबलावर घड्याळ, छत्री, हेल्मेट मांडलं आणि कोऱ्या चिठ्ठ्या बांधल्या.

परीक्षा उद्या सकाळी होती. मुलगा गेल्यावर पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात त्याच्या जागी सुनेला घेणार होते, पण इंग्रजीत पास झाली तरच. आधी ती नापास झालेली. ही शेवटची संधी. नोकरी हुकली की कार्यालयाचं हे घरही सोडावं लागणार.

“मराठीत आपण वस्तू बघतो,” तो म्हणाला. “त्याचा शर्ट, त्याची छत्री, त्याचं घड्याळ. इंग्रजीत वस्तूकडे ढुंकूनही बघायचं नाही. मालक बघायचा. एकटा असला तर वर लटकलेला स्वल्पविराम, मग एस. पुष्कळ असले आणि शेवटी एस असलाच, तर स्वल्पविराम त्याच्या मागे. कळलं?”

“कळलं, बाबा.”

“मग लिही. घड्याळ कुणाचं?”

तिने लिहिलं. वरचं चिन्ह नव्हतं. छत्रीलाही नव्हतं. हेल्मेटच्या चिठ्ठीवर तर नुसतंच ‘हेल्मेट’.

म्हाताऱ्याने चिठ्ठीवर बोट आपटलं. “अगं, एवढुसं शेपूट ते! त्याच्यापायी घर घालवशील?”

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

सून हळूच म्हणाली, “मालक बघायचा म्हणता. तो नसला तर?”

स्वयंपाकघरातून म्हातारी ओल्या हातांनीच बाहेर आली.

“अहो मास्तर, घरात दुसऱ्या कुणाच्या वस्तूच नव्हत्या? मेलं ते शिकवणं!” तिने छत्री आणि हेल्मेट उराशी धरून आत नेलं. परत आली ती म्हाताऱ्याचा चष्मा आणि एक किसणी घेऊन. “ही शेजाऱ्यांची. परत द्यायची राहिलीय, म्हणजे चोरांची म्हटलं तरी चालेल.”

सून किंचित हसली. चष्म्याला चिन्ह लागलं. शेजाऱ्यांचं एसच्या मागे, अगदी जागेवर. त्याने बोट ठेवून पुन्हा पाहिलं.

तो घड्याळही आत ठेवायला उचलू लागला.

“राहू द्या, बाबा. उद्या वेळ बघायला लागेल.” तिने चिठ्ठीचा दोरा दातांनी तोडला आणि घड्याळ मनगटावर बांधलं. पट्टा सैल होता.

“कुणाचं?” त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

“माझं,” ती म्हणाली. “याला शेपूट नसतं ना?”

“नसतं.”

ती तोंड धुवायला गेली, आणि म्हाताऱ्याला एकदम आठवलं. पुरुष, बायका, मुलं. पुष्कळ असूनही इंग्रजीत ज्यांच्या शेवटी एस येत नाही, ते शब्द शिकवायचे राहूनच गेले होते. त्याने दोऱ्याचं रीळ पुन्हा पुढे ओढलं.