एक तुकडा जास्त

“वर्ष तरी सरू दे गं बाई. माझ्या भावावरची माती अजून वाळली नाही आणि तू साखर चाळत बसलीस?”

मालामो उंबऱ्यावरच थांबली होती. दुखवट्याच्या घरात वर्षभर गोड मळायचे नाही, नाताळला नाही की ईस्टरला नाही, हे आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि मालामोचा भाऊ, पोलिक्सेनीचा नवरा झिसिस, तर ऑक्टोबरात गेलेला. पोलिक्सेनीने चाळणीला दोन थापा मारल्या.

“घरासाठी नाही मळत मी. क्लबासाठी मळतेय.”

“पीठ विचारतं का, कोणासाठी मळतेस म्हणून? मी म्हटलं होतं ना, यंदाचा नव्या वर्षाचा केक मी करते. क्लबाचा फिलिप्पोसही हो म्हणाला होता.”

“तुझा केक खायला दात कोणाचे उसने आणायचे, वन्सं?”

एरवी मालामो याला हसली असती. आज तिने काळ्या रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट केली आणि निघून गेली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कॉफीच्या दुकानात पोचणार आणि तिथून चर्चमध्ये, हे पोलिक्सेनीला पक्के माहीत होते. पोचू दे म्हणाली. तिला केक दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ द्यायचा नव्हता. त्याचे कारण मात्र तिने कुणाला सांगितले नव्हते, आणि सांगण्यासारखे ते नव्हतेही.

आमच्या गावचा युवक मित्र क्लब म्हणजे बंद पडलेल्या शाळेची एक खोली, एक स्टोव्ह आणि वीसेक म्हातारे. शरद ऋतूत चेस्टनट भाजून विकायचे, कार्निवलला नाच ठेवायचा, ईस्टरला कोकराची सोडत काढायची, आणि जमेल त्या पैशांतून दर वर्षी गावातल्या एका मुलाचे शिक्षण करायचे. खाली त्रिकाला शहरात शिकवणीचा वर्ग असतो, तो लावल्याशिवाय विद्यापीठाची परीक्षा कोणी पास होत नाही. तो वर्ग, आणि परीक्षा निघाली तर पुढे शहरातल्या खोलीचे भाडे. पोरे शिकतात, जातात आणि ऑगस्टमध्ये आठवडाभर येऊन डोंगरावरची हवा किती छान आहे ते आम्हाला सांगतात. तरी आम्ही चेस्टनट भाजतोच.

पूर्वी मूल कोणते निवडायचे ते कमिटी ठरवायची. त्यावरून दोन घरांचे असे फाटले की एकमेकांच्या मयतालाही गेली नाहीत. तेव्हा झिसिसनेच तोडगा काढला होता. झिसिस सरकारी बर्फ काढायच्या गाडीवर ड्रायव्हर होता, बोलायचा कमी. तो म्हणाला, “केकातलं नाणं ठरवू दे की. नाण्याशी कोण भांडणार?” नव्या वर्षाच्या केकात नाणे तर आम्ही पिढ्यान् पिढ्या घालतोच. ज्याच्या तुकड्यात ते निघते त्याचे वर्ष चांगले जाते म्हणतात. क्लबाने त्यात एवढेच वाढवले की, ज्याला नाणे मिळेल त्याने एका मुलाचे नाव घ्यायचे, स्वतःचे मूल असले तरी चालेल, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. तेव्हापासून भांडण नाही. केक पोलिक्सेनीचा, आणि मळणारीला नाणे चालत नाही, एवढी एकच अट.

यंदा तिच्या मनात एकच नाव होते. एलोना, आगिम गवंड्याची मुलगी.

आगिम अल्बेनियातून आला तेव्हा विशीत होता. आता त्याचे केस पांढरे झाले, तरी दुकानात त्याचा उल्लेख ‘तो अल्बेनियन’ असाच होतो. क्लबाच्या पायऱ्या त्याने फुकट बांधून दिल्या, तेव्हा लाजेकाजेस्तव त्याला सभासद करून घेतले. गेल्या उन्हाळ्यात तो बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि त्याची कंबर कामातून गेली. एलोना शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. शिकवणीचे डिसेंबरपर्यंतचे पैसे भरलेले होते. पुढे नाही. रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याने तिला भांडी घासायला आणि खोल्या झाडायला बोलावून ठेवले होते.

झिसिसच्या शेवटच्या दिवसांत ही पोर रोज यायची. पाठ्यपुस्तक घेऊन खाटेशेजारी बसायची आणि त्याला रसायनशास्त्र वाचून दाखवायची. त्याला त्यातले ओ की ठो कळत नसे. “वाच गं,” म्हणायचा, “तुझं पाठ होतंय, माझी वेळ जातेय.” पोलिक्सेनीने डिसेंबरच्या बैठकीत विषय काढून पाहिला होता. फिलिप्पोस आमचा अध्यक्ष, जुना पोस्टमन, झिसिसचा बालमित्र. त्याने मान हलवली.

“वहिनी, पोर गुणी आहे, कोण नाही म्हणतं? पण आज तुझं ऐकलं की उद्या दहा जण उभे राहतील. नाणं ठरवेल.”

ठीक आहे, तिने मनात म्हटले, नाणेच ठरवेल.

पीठ फुगले. तिने ते मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये पसरले. इथे रीत अशी की मळणारीने डोळे मिटायचे, क्रूस करायचा आणि आंधळेपणाने नाणे कुठेतरी खुपसायचे. इतकी वर्षे तिने डोळे मिटले होते, तेही प्रामाणिकपणे. आज तिने कापायच्या रेघा, एरवी नाण्यानंतर ओढायच्या त्या, आधीच सुरीच्या पाठीने पिठावर ओढल्या. किती तुकडे लागणार हे तिला मोजावे लागत नव्हते, कारण कापायचा क्रम ठरलेला आणि तो तिला प्रार्थनेसारखा पाठ होता. पहिला ख्रिस्ताचा, मग मारियामातेचा, मग संत वासिलीचा, मग घराचा, मग वाटसरूचा. त्यानंतर सभासद, जो ज्या क्रमाने क्लबात आला त्या क्रमाने. ओठ हलवत, एकेका चौकोनाला बोट लावत ती शेवटपर्यंत गेली. शेवटच्या ओळीतला शेवटचा चौकोन पेट्रोल पंपवाल्या स्टेर्गिओसचा. त्याच्या आधीचा आगिमचा.

तिने उघड्या डोळ्यांनी चंदेरी कागदात गुंडाळलेले नाणे आगिमच्या चौकोनात खोल दाबले, वरून पीठ सारखे केले आणि अंडे फिरवले. मग भिंतीवरच्या संतांकडे पाठ करून ती थोडा वेळ खुर्चीवर बसली. तिला लाज वाटत होती, आणि कितीतरी दिवसांनी बरेही वाटत होते.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे शाळेत जमले. स्टोव्ह धुरत होता. पाद्रीबाबांनी केकावर मंत्र म्हटले, घाईघाईने म्हटले, कारण त्यांना अजून दोन गावे करायची होती. फिलिप्पोसने बाह्या सारल्या आणि सुरीच्या टोकाने केकावर क्रूस काढला. नावे त्याला तोंडपाठ असतात, कागद लागत नाही.

“ख्रिस्ताचा. मारियामातेचा. संत वासिलीचा. घराचा. वाटसरूचा.”

आगिम मागे भिंतीला टेकून उभा होता. बसले की त्याला उठता येत नाही. एलोना कॉफीचे कप वाटत होती. मालामो पोलिक्सेनीच्या शेजारी बसली होती, अजून रागातच, पण वहिनीला चारचौघांत एकटी कशी बसू देणार?

“फिलिप्पोस, म्हणजे मी. पुढं क्लेओनिकी बाई.”

पोलिक्सेनीचे ओठ आपोआप हलत होते. क्लेओनिकीनंतर झिसिस. मग ती स्वतः.

फिलिप्पोसची सुरी क्षणभर हवेत थांबली. त्याने घसा खाकरला.

“पोलिक्सेनी,” तो म्हणाला, आणि पुढचा चौकोन उचलून तिच्या बशीत ठेवला.

तिला वाटले, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकले. तिने बशीकडे पाहिले. मग ट्रेकडे पाहिले. मेलेल्याचा तुकडा कापत नाहीत. हे तिला माहीत होते. लहानपणापासून माहीत होते. काल ट्रेवर वाकून बोट ठेवत जाताना क्लेओनिकीच्या पुढच्या चौकोनावर ती “झिसिस” म्हणाली होती. थांबलीसुद्धा नव्हती. जो बिछान्याच्या त्या बाजूला नाही म्हणून तिला रात्र रात्र झोप येत नव्हती, त्याला तिने मोजले होते.

फिलिप्पोस पुढे चालला होता. प्रत्येक नाव एकेक चौकोन अलीकडे सरकत होते, आगिमचेही.

अजून वेळ होता. नुसते “थांब” म्हटले असते तरी पुरले असते. झिसिसचाही काप, बायकोचा हट्ट आहे, एवढे म्हटले असते तर कोणी नाही म्हणणार नव्हते. पण मग सगळ्या माना वळल्या असत्या, आणि नाणे निघाल्यावर मालामोसारख्या बाईला दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ लागणार होता? बोट एलोनाकडे गेले असते. अल्बेनियनाच्या पोरीने म्हातारीला गुंडाळले म्हणाले असते. तरीही तिने तोंड उघडले.

“फिलिप्पो...”

फिलिप्पोसने पुढचे नाव घेतले. मालामोने चटकन तिचा हात धरला आणि मांडीवर दाबून ठेवला. तिचे डोळे भरले होते.

“कळतंय गं मला,” ती कुजबुजली. “माझंही लक्ष त्याच्याच नावाकडे होतं. सोस थोडं.”

पोलिक्सेनी सोसत बसली.

“आगिम,” फिलिप्पोस म्हणाला. “आणि स्टेर्गिओस. झालं! मोडा आता, आणि दात सांभाळा!”

आगिमने आपला तुकडा हातातच मोडला. त्याची जाड बोटे आधी अर्धा, मग पाव, मग त्याहूनही बारीक करत गेली. शेवटी नुसता चुरा राहिला. एलोना कॉफीचा थाळा धरून त्याच्या हातांकडे बघत होती. त्याने मान वर केली आणि खांदे उडवले, आणि ती हसली. तिला हसावेच लागले, कारण बाप तिच्याकडे बघत होता.

“अरे! लागलं!” स्टेर्गिओस ओरडला. त्याच्या तुकड्यातून चंदेरी कागद डोकावत होता. “माझ्या जन्मात पहिल्यांदा लागलं बघा काही!”

स्टेर्गिओस वाईट माणूस नाही. थंडीत कुणाची गाडी बंद पडली तर तो शिव्या देत का होईना, जातो. त्याला मूलबाळ नाही. त्याने बहिणीच्या मुलाचे नाव घेतले. तो मुलगा शिकवणीला मोटरसायकलवरून जातो, हे सगळ्यांना माहीत होते. पण नाण्याशी कोण भांडणार? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आगिमने चुरा खिशात घातला आणि त्यानेही वाजवल्या, इतरांपेक्षा थोड्या जास्त वेळ.

मग घरची दारू फिरली, सोडतीची तिकिटे विकली गेली, लोक उठले. आगिम पायऱ्या उतरण्याआधी पोलिक्सेनीजवळ आला.

“काकू, केक फार छान झाला होता. दुखवटा असून केलात.”

“तुला नाणं मिळायला हवं होतं रे.”

“आमचं नशीब कुठं एवढं?” तो म्हणाला. “काम आहे तिला, हॉटेलात. गरम पाणी असतं म्हणे तिथं.”

खोली रिकामी झाली तेव्हा फिलिप्पोस ट्रेकडे बघत उभा होता. शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात, एक चौकोन तसाच राहिला होता.

“जास्त कसा झाला गं हा? तू तर कधी चुकत नाहीस.”

त्याने तुकड्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि हळूहळू त्याच्या लक्षात आले. म्हणजे अर्धेच आले. तो तिच्या शेजारी बाकावर बसला.

“वहिनी, खरं सांगू? माझीही जीभ वळली होती. क्लेओनिकीनंतर त्याचं नाव असं ओठावर आलं होतं, अगदी बाहेर पडणार होतं. गिळलं मी. म्हटलं, एवढ्या लोकांत तुला लागेल.”



“म्हणायचं होतंस, फिलिप्पो.”

“अगं, पण...”

“म्हणायचं होतंस. एकदा चुकला असतास तर काय बिघडलं असतं?”

आणि ती रडू लागली. नवऱ्याच्या मातीलाही रडली नव्हती अशी, डोके बाकाच्या पाठीवर टेकून, मोठ्याने. फिलिप्पोसने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याला वाटले, चला, बरे झाले, इतके दिवस आत कोंडलेले बाहेर आले. संध्याकाळी दुकानात त्याने तसेच सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी मालामो सूपचे भांडे घेऊन तिच्या दाराशी गेली.

पण ते नंतर. त्या वेळी रडणे ऐकून एलोना मागच्या मोरीवरून धावत आली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या आणि हात पाण्याने लाल झाले होते. कप तिने धुऊन ठेवले होते. तिने पोलिक्सेनीचा रुमाल सारखा केला आणि मग, काहीतरी करावे म्हणून, उरलेला तुकडा बशीत काढून टेबलावरचा ट्रे उचलला.

“हा पण घासून टाकते, काकू. उद्यापासून हेच करायचंय, तर हात बसू दे.”

पोलिक्सेनीने डोळे पुसले आणि उठून तिच्या हातातून ट्रे घेतला.

“ठेव,” ती म्हणाली. “मी घासते.”

“पण पाणी फार गार आहे.”

“असू दे. तू बस.”

एलोना बसली नाही, पण तिने हट्टही केला नाही. मोरीच्या दारात ती कोरडे फडके धरून उभी राहिली, आणि पोलिक्सेनी जळकी साखर नखांनी खरवडून काढत राहिली, ट्रे कधीच स्वच्छ झाला होता तरी.