बारा नंबरचं चित्र

मुद्रितशोधक बाईंनी छापखान्यात एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावर दिराच्या बंद पडलेल्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत त्यांनी स्कॅनर मांडला आणि पक्षी, किडे, शेवाळं, गोगलगायी असल्या विषयांची जुनी पुस्तकं संगणकावर चढवून सगळ्यांसाठी इंटरनेटवर फुकट ग्रंथालय उघडलं. दीर पानं उलटायचा, बाई तपासायच्या. "वहिनींच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

एका सकाळी अकराच्या सुमाराला एका म्हाताऱ्या घड्याळजींची मेल आली. 'तुमच्या अळंब्यांच्या पुस्तकातलं बारा नंबरचं चित्र आमच्या परसात उगवलंय. खाली "खाण्यास उत्तम" लिहिलंय. आज दुपारी भाजी करतोय. तुमचे आभार.' सोबत फोटो.

बाईंनी कौतुकाने फोटो मोठा केला. पांढरी छत्री, देठावर कडं, आणि बुडाशी फुटक्या अंड्याच्या टरफलासारखी वाटी. अशी वाटी दिसली तर हातही लावू नये, हे त्यांनी त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत वाचलं होतं.

"भाऊजी, मूळ पुस्तक काढा. आधी ते काढा."

त्या पुस्तकात प्रत्येक चित्राची माहिती वेगळ्या पानावर होती. नवव्या चित्राच्या माहितीचं पान मागच्या पानाला चिकटलेलं निघालं. ते स्कॅनच झालं नव्हतं. तिथून पुढे प्रत्येक चित्राखाली पुढच्या चित्राची माहिती जाऊन बसली होती. शेवटच्या चित्राला माहितीच उरली नव्हती, तिथे 'पान गहाळ' अशी नोंद बाईंनी स्वतःच्या हाताने केली होती.

बाराव्याची खरी माहिती दिराने वाचून दाखवली. "प्राणघातक. पहिले काही तास काहीच जाणवत नाही."

बाईंनी उलट मेल पाठवली, पण दुपारच्या जेवणाआधी मेल कोण बघतो? घड्याळजींच्या जुन्या मेल त्या भराभर चाळू लागल्या. मागच्या वर्षी त्यांनी भुंग्यांची काही पानं मागितली होती, त्याखाली फोन नंबर सापडला. पहिल्यांदा नुसती रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा घड्याळजींच्या बायकोने उचलला.

"जेवलात का?" बाईंनी एकदम विचारलं.

"आत्ताच ताटं घेतलीत. कोण बोलतंय?"

"ती अळंबीची भाजी खाऊ नका. विषारी आहे. मी ग्रंथालयातून बोलतेय."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग, अगदी हळू, "यांनी मघाशी चव बघितली. दोन चमचे."

"लगेच दवाखान्यात न्या. बरं वाटतंय म्हणाले तरी न्या. उरलेली भाजी डब्यात घालून डॉक्टरांना दाखवा."

"पण तुमच्याच पुस्तकात तर..."

"आमचं चुकलं. माझं चुकलं. आधी निघा तुम्ही."

पुढचे चार दिवस रोज दोनदा बाई फोन करायच्या. दुसऱ्या दिवशी घड्याळजींना उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी यकृताला सूज आली. पाचव्या दिवशी त्यांची बायको म्हणाली, "धोका टळला म्हणतात. पण घरात तुमचं नाव काढू देणार नाही मी."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या.

पुस्तक त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकलं होतं, मुखपृष्ठावर ठळक इशाराही लावला होता. सगळंच बंद करून टाकू, असं दीर म्हणाला. बाई पडद्यावरचा आकडा बघत होत्या. आठ महिन्यांत तीनशे चाळीस जणांनी ते पुस्तक उतरवून घेतलं होतं. त्यातल्या एकाचंच नाव त्यांना माहीत होतं.

आता त्या रोज सकाळी मेल उघडतात. पण आधी दिराला शेजारी बसायला सांगतात.