नऊशे एकतीसचा घोळ

फोटोवाल्या काकूंनी साठीत प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं ते हौसेपेक्षा वैतागापायी. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर फायलींची यादी उघडली की आकार यायचा तो नुसत्या बाइटमध्ये. अकरा-अकरा आकड्यांची मालगाडी, मध्ये एक स्वल्पविराम नाही. काकू पडद्याला बोट लावून एकं, दहं, शतं करत जायच्या आणि दशकोटीपाशी बोट घसरलं की पुन्हा पहिल्यापासून.

सुनेचा व्यवसायच प्रोग्रॅमिंगचा. "पाच मिनिटांत लिहून देते, आई," ती म्हणाली.

"नको. कसं ते सांग, लिहिते मी."

"आकडा एक हजार चोवीसपेक्षा लहान होईपर्यंत एक हजार चोवीसनेच भागत राहायचं. एकदा भागलं की केबी, मग एमबी, मग जीबी."

पहिल्या खेपेला काकूंनी भागाकार केला, पण उत्तर कुठे ठेवायचं ते सांगायचं राहिलं. कॉम्प्युटर बिचारा तोच आकडा भागत बसला. दुसऱ्या खेपेला भागाकार जमला, पण बाइटचं नाव केबी-एमबीकडे पुढे सरकेना. लग्नाचा चार तासांचा व्हिडिओ निघाला बेचाळीस बाइट.

"एवढ्यात नवरा-नवरीची नावंही धड मावायची नाहीत," सून म्हणाली.

तिसऱ्या खेपेला 'बेचाळीस जीबी' उमटलं. मग काय, काकूंनी दिसेल ती फाइल मोजली आणि शेवटी कालच आणलेली नवी डिस्क जोडली. खोक्यावर हजार जीबी. काकूंची स्क्रिप्ट, म्हणजे तो छोटा प्रोग्रॅम, म्हणे नऊशे एकतीस.

काकू डिस्क पर्समध्ये घालून तडक दुकानात. "अहो, एकोणसत्तर जीबी कुठे गेले?"

दुकानदाराने डिस्क उलटीसुलटी करून पाहिली, जणू ते कुठे चिकटलेले असतील. "काकू, सगळ्यांना असंच दिसतं. का, ते मलाही ठाऊक नाही."

काकूंनी तिथूनच सुनेला फोन लावला. ती हसू दाबत म्हणाली, "डिस्क बनवणारे हजाराने भागतात, आई. तुम्ही एक हजार चोवीसने. बाइट तेवढेच आहेत."

"मग खरं कोणाचं?"

"दोघांचंही."

हे काकूंना मुळीच पटलं नाही. पण दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर बसून त्यांनी स्क्रिप्ट पुन्हा लिहिली, आता दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी दाखवणारी. हजार आणि नऊशे एकतीस. दुकानदार खुर्ची ओढून जवळ आला.

"कपाटातल्या बाकीच्याही बघू या का?"

एकेक करून सहा डिस्क जोडल्या. पाच चोख निघाल्या. सहावीच्या खोक्यावरही हजारच होते, पण ती ना हजार दाखवी, ना नऊशे एकतीस; एका बाजूला एकशे अठ्ठावीस, दुसऱ्या बाजूला एकशे एकोणीस. दुकानदाराने माल आल्याची तारीख बघितली, पुरवठादाराचा नंबर शोधला आणि फोन कानाला लावता लावता काकूंना म्हणाला, "जाऊ नका हं. तो कशाने भागलं विचारेल, तेव्हा तुम्हीच बोला."