नवं पाणी

चोर म्हणा, लबाड म्हणा, मी ऐकून घेईन. पण "सुगंधा पेशी मारते"? माझं टाळकंच सटकलं.

सत्त्याऐंशी साल. अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत मी आणि नलिनी कामाला होतो. दोघी पार्ल्याच्या एकाच कॉलेजच्या, डबा एकत्र खाणाऱ्या. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाटलीत, अन्नपाण्यात, उबदार कपाटात वाढवायच्या. एक दिवस ती, एक दिवस मी. पक्की नोकरी मात्र एकीलाच मिळणार होती, आणि माझे बाबा गिरणीच्या संपापासून घरी बसलेले.

दिवाळीनंतर पेशी मरायला लागल्या. तिच्या दिवशी सगळं झकास, माझ्या दिवशी कपाट उघडलं की निम्म्यांची वाट लागलेली.

"तुझ्याच दिवशी कशा गं?" नलिनी म्हणाली.

"मला काय विचारतेस? पेशींना विचार!"

नंतर बघते तर मी उठले की ती माझं टेबल हुंगायची. "डब्यात बांगडा असतो ना तुझ्या? हात नीट धुतेस ना?" आणि मग एके दिवशी शिवदास सर, आमचे साहेब, खाली मान घालून म्हणाले, "सुगंधा, पुढच्या शनिवारपर्यंत पेशी जगल्या नाहीत, तर तुला थांबवावं लागेल." हे त्यांच्या डोक्यात कोणी भरवलं ते सांगायला नकोच.

मी कपाटाची चावी काढून नलिनीच्या टेबलावर आपटली. "घे. आठवडाभर मी हात लावणार नाही. बघू कोण मारतं ते!"

त्या आठवड्यात तर सगळ्याच मेल्या.

"हिने दुसरी चावी करून घेतली असेल," नलिनी सरांसमोर म्हणाली. माझ्याकडे न बघता. मला रडूही येईना, इतका संताप आला.

सर म्हणाले, "नलिनी, माझ्यासमोर काम कर. रोज करतेस तसंच."

तिने राखीव साठ्यातली नवी बाटली घेतली. पेशी तळाशी बसवल्या, वरचं, वापरून पिवळट झालेलं अन्नपाणी सगळं बेसिनमध्ये ओतलं, लालचुटूक ताजं भरलं.

"सगळं ओतलंस?" मीच ओरडले. मी कायम निम्मं ठेवायचे, मला तसंच शिकवलं होतं.

"शिळं कशाला ठेवायचं? घाटकोपरला आमच्याकडे नळ आला की कालचं पाणी ओतून हंडे नव्याने भरतात. दिवाळीपासून मी माझ्या दिवशी ओतायचे. या आठवड्यात रोज. हिने काही कालवलं असलं तर?"

सरांनी कपाळावर हात मारला. "अगं, त्या शिळ्या पाण्यातच त्यांचा जीव असतो! पांढरी पेशी एकटी जगत नाही. शेजारणी पाण्यात निरोप सोडतात, 'जगत राहा' म्हणून. तो पोचला तरच ती जगते. निरोप थांबला की कोणी विष घालावं लागत नाही, ती आतून स्वतःलाच संपवते. त्यालाही एक दिवस लागतो."

म्हणून माझा दिवस! ओतायची ती, मरायच्या माझ्या पाळीला; मी निम्मं ठेवलं की उरलेल्या तिच्या दिवसापर्यंत पुन्हा वाढायच्या.

राखीव साठ्यातल्या राहिलेल्या बाटल्यांत आम्ही निम्मं पाणी ठेवलं. शनिवारी पेशी जिवंत होत्या. सर म्हणाले, "सुगंधा, तू राहतेस." बाबांना सांगायला कधी घरी जाते असं झालं मला.

दुपारी नलिनी माझ्या टेबलापाशी आली. डोळे सुजलेले. हातात चहाचा कप, माझ्या आवडीचा, आलं घातलेला.

"चुकलंच माझं गं. घे ना. बोल तरी काहीतरी."

"बरं," म्हटलं मी. कप घेतला. राग तर केव्हाच उतरला होता, खरंच.

ती तिथेच उभी होती. मी उठले, चहा बेसिनमध्ये ओतला, कप विसळला आणि माझ्या हाताने नवा करून घेतला.