डाव्या पायाची दोरी

पस्तीस वर्षं मी लॉरी चालवली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मला गाडी शिकवायला माझी सून बसली. हे सांगताना आजही मिशी थरथरते. पण खरं ते खरं.

झालं असं, की सारजाबाईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, आजारपणात मी दोन वर्षं स्टिअरिंगला हात लावला नाही. देवाच्या दयेनं ती आता ठणठणीत आहे. इतकी, की उजाडल्यापासून माझ्यावरच ओरडते. पण त्या धावपळीत माझं हेवी लायसन संपलं. वर वर्ष उलटून गेल्यामुळं टेस्ट पुन्हा द्यायची वेळ आली. शिनोलीजवळच्या टोमॅटोच्या पॅकहाऊसचे मालक कुंडलिकशेठ म्हणाले, "सोमाजीभाऊ, नवी लॉरी घेतलीया. तुमच्याबिगर कुणाच्या हातात द्यायला मन धजत न्हाई. पर एक तारखेपातूर लायसन दाखवा. न्हाईतर दुसरा माणूस बघावा लागंल."

काम मला हवंच होतं. घरात बसून बसून मी मेंढरांवर डाफरायला लागलो होतो. आणि आमच्याकडं आता मेंढरं उरलीत बारा, ती बिचारी तरी किती ऐकून घेणार?

नवी लॉरी बघायला गेलो, आत वाकून बघितलं. क्लचच नाही! गिअर गाडी आपली आपण टाकणार, डाव्या पायाला कामच नाही. मी म्हटलं, त्यात काय, बसून खायचं काम. पॅकहाऊसच्या आवारात एक चक्कर मारायला निघालो आणि वळणावर सवयीनं क्लच दाबायला गेलो. तो नसल्यामुळं पाय पडला ब्रेकवर, तोही क्लच दाबायच्या ताकदीनं. गाडी जागच्या जागी गपकन थांबली. मागचे रिकामे क्रेट धडाधड केबिनवर येऊन आदळले. टोमॅटो निवडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या बायांत माझी सून निर्मलाही होती. ती पॅकहाऊसचा बॅटरीवरचा टेम्पो चालवते. ती हसली नाही. संध्याकाळी भाकरी वाढताना खालमानेनं म्हणाली, "मामा, मी बसू का शेजारी? बिनक्लचची सवय मला हाय."

हातातला घास मी परत ताटात ठेवला. सदतीस वर्षांपूर्वी मला गाडी शिकवणाऱ्या जानकू उस्तादाच्या हातात नारळ ठेवला, त्याच्या पाया पडलो आणि क्लीनरचा ड्रायव्हर झालो. आमच्या धंद्यातली रीतच ती. त्यानंतर कुणाकडून काही शिकायची वेळ आली नव्हती. आणि दुसरंही एक होतं. सहा वर्षांपूर्वी, लग्न होऊन नवी नवी आली तेव्हा हीच पोर म्हणाली होती, "मामा, मला गाडी शिकवा की." मी चारचौघांत खदखदून हसलो होतो. ते मी विसरलो नव्हतो. ती विसरली असेल, असंही मला वाटत नव्हतं.

मी काही बोलायच्या आत सारजाबाई म्हणाली, "बस गं तू. यांनला काय कळतंय?"

आठवडाभर पॅकहाऊसच्या आवारात शेजारी बसून निर्मला "मामा, डावा पाय... मामा, डावा पाय..." करत राहिली आणि आठवडाभर माझा डावा पाय ब्रेकवर जात राहिला. पोरगी डॅशबोर्डला धरून बसायची, पण एक शब्द वाकडा बोलली नाही. शेवटी तोडगा काढला सारजाबाईनं. उंडगा मेंढा कळप सोडून पळायला लागला, की आमच्यात त्याचा पुढचा पाय दोरीनं आखडून ठेवतात. ती म्हणाली, "ह्यो मेंढा त्यातलाच. बांधा पाय."

सासऱ्याचा पाय सुनेनं कसा बांधायचा? निर्मला दोरी हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. मग मीच ओरडलो, "आगं बांध! लाजतीस काय?" तिनं आधी माझ्या पायाला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि मग दोरी सीटच्या पायाला सैलशी बांधली. दोन आठवडे मी तसाच चालवत होतो. पाय हळूहळू शहाणा झाला.

टेस्टच्या दिवशी माळावर दोन गाड्या उभ्या होत्या. एक ड्रायव्हिंग स्कूलची जुनी क्लचवाली, दुसरी कुंडलिकशेठ स्वतः घेऊन आले होते ती नवी. टेस्ट घेणारे आरटीओचे साहेब म्हणाले, "कुठल्याही गाडीवर द्या, लायसन एकच मिळतं."

निर्मला खाडा करून आली होती. मी तिला शब्द दिला होता नव्या गाडीचा. पण जुनी लॉरी दिसली आणि माझा ताठा जागा झाला. पस्तीस वर्षं चालवलेली गाडी, पाच मिनिटांचं काम. मी तिच्याकडं न बघता जुनीत चढलो.

सपाटीवर ठीक चाललं. चढावर साहेब म्हणाले, "थांबवा." मी उजव्या पायानं ब्रेक दाबला. डावा पाय मात्र सीटला चिकटून गप्प बसला, अजून दोरी असल्यासारखा. क्लच दाबलाच गेला नाही. गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. साहेबांची फाईल खाली पडली.

"बाबा, पस्तीस वर्षं काय चालवलंत?" ते म्हणाले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एक तारखेला चारच दिवस उरले होते.

निर्मला धावत आली. आता ही म्हणणार, शब्द मोडला की असंच होतं. म्हणाली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण ती म्हणाली, "सायेब, चूक त्यांची न्हाई, माजी हाय. दोन आठवडं मीच त्यांचा डावा पाय बांधून ठिवला व्हता."

साहेब आधी तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्या पायाकडं, आणि मग हसायला लागले. "सगळ्यांचं होऊ द्या. शेवटी नव्या गाडीवर एकदा बघतो. एकदाच."

दोन तास उन्हात बसलो. नंबर आला तेव्हा डाव्या पायातली चप्पल काढून निर्मलाच्या हातात दिली. टेस्टला दोरी चालणार नव्हती, पण अनवाणी पायाला गप्प बसायची आठवण तरी राहील. चढावर साहेब म्हणाले, "थांबवा." तळव्याला मॅट लागली, पाय हलला नाही. उजव्यानं ब्रेक दाबला, तो सोडून ॲक्सिलेटर दिला, आणि लॉरी तसूभरही मागं न येता वर गेली. "पास," साहेब म्हणाले.

मी खाली उतरलो तो तडक रस्त्यापलीकडच्या दुकानात गेलो, एका पायात चप्पल तशीच. नारळ घेतला. परत येऊन तिच्या पायाशी वाकलो, तशी निर्मला दोन हात मागं सरकली.

"मामा! असं करू नका, मला पाप लागंल. लोक बघत्यात."

"बघू देत. उस्तादाचा मान उस्तादालाच." मी नारळ तिच्या हातात ठेवला.  "तू शिकवा म्हणालीस तवा मी हसलो व्हतो. माजी येळ आली तवा तू हसली न्हाईस. तुजं उपकार हायेत माज्यावर, पोरी. उद्यापासनं क्लचची गाडी शिकवतो तुला. सहा वर्षं उशीर झाला."

 तिनं नारळ छातीशी धरला, आणि खाली वाकून चप्पल माझ्या डाव्या पायापुढं ठेवली.