खिडकीबाहेरचा माणूस

"ह्या खिडकीतनं कोणी बाहेर जायचं नाही," कमल म्हणाली आणि खिडकीला पाठ लावून उभी राहिली.

एसी बसवायला आलेला शिवा ड्रिल मशीन हातात घेऊन तिच्यासमोर थांबला. त्याचा जोडीदार खाली बसून तांब्याचा पाइप सरळ करत होता, त्यानेही मान वर केली. कमलचा मुलगा संघर्ष फोनवर बोलता बोलता गप्प झाला. सून आकांक्षा तान्ह्या पोरीला खांद्यावर थोपटत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पोरीच्या मानेवर, पाठीवर लालभडक घामोळं उठलं होतं. मे महिन्यात नवव्या मजल्यावरचा तो पश्चिमेचा हॉल दुपारी भट्टीसारखा तापायचा. एसी हवा असं कमललाही वाटत होतं. त्यावरून भांडण नव्हतंच.

"आई, बाजूला हो ना. त्यांना अजून दोन घरं करायचीत," संघर्ष म्हणाला.

"ही दोरी कशाला बांधलीय बघितलंस?"

शिवाच्या कमरेला नायलॉनची दोरी होती. तिचं दुसरं टोक दिवाणाच्या पायाला बांधलेलं होतं. तोच प्लायवूडचा दिवाण, जो कमल रोज केर काढताना एका हाताने पुढे ओढायची.

"मावशी, रोजचं काम आहे आपलं," शिवा हसून म्हणाला. "बाहेर पट्टी आहे ना, तिच्यावर उभं राहायचं, चार भोकं मारायची, ब्रॅकेट ठोकला की झालं. ह्या बिल्डिंगमध्ये मीच किती बसवलेत!"

"आणि बेल्ट? टीव्हीत दाखवतात तो?"

"बॅगेत आहे."

"मग बॅगेला घालून पाठव बाहेर!"

शिवाचं हसू गेलं. "बेल्ट घालून हुक अडकवू कशाला, ते सांगा. तुमच्या ह्या अर्ध्याच उंचीच्या ग्रिलला? चार स्क्रूवर आहे ती. माझ्याबरोबर तीपण येईल खाली."

"तेच म्हणते मी!" कमलचा आवाज चढला. "तुला माहितीय, तरी तू निघालास?"

तिचा राग शिवावर होता, संघर्षवर होता, पण सगळ्यात जास्त त्या पट्टीवर होता. काळाचौकीची त्यांची चाळ पाडून बिल्डरने तिथे दोन इमारती बांधल्या होत्या. पुढची काचेची, विकायची. मागची चाळकऱ्यांची. पुढच्या इमारतीत एसीच्या बाहेरच्या युनिटला प्रत्येक घरामागे कठड्याची पक्की जागा होती, तिथे जायला आतून छोटं दारसुद्धा होतं. मागच्या इमारतीला नुसती हातभर रुंदीची पट्टी, खिडक्यांच्या खालून फिरवलेली. रस्त्यावरून इमारत बरी दिसावी म्हणून. ती पट्टी माणसाने उभं राहायला नाही, हे चाव्या देताना बिल्डरचा माणूस स्वतःच बोलला होता. पण उन्हाळा आला की लोक विसरायचे.

शिवडीच्या गोदामात कमलचा नवरा पोत्यांच्या थप्पीखाली गेला तेव्हा संघर्ष बालवाडीत होता. थप्पी वाकडी लागलीय हे मुकादमाला ठाऊक होतं. नंतर तोच मुकादम घरी येऊन, चहा पिऊन म्हणाला होता, "वहिनी, त्याचीच चूक झाली. बघून जायला पाहिजे होतं." कमलने तेव्हा त्याला काही सुनावलं नव्हतं. सुनावण्याइतकं त्राण नव्हतं तिच्यात. ते न बोललेलं तिच्या पोटात तसंच राहिलं होतं आणि अशा वेळी वर यायचं.

"आई, तू चिडू नको," संघर्ष शेवटी म्हणाला. त्याने फोन खिशात टाकला. "आज नको करू या. मी दुकानवाल्याशी बोलतो, दुसरा काहीतरी मार्ग काढू. तू जरा खाली जाऊन बाळाची पावडर घेऊन ये. डबा संपलाय."

कमलने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो चेहरा तिला खरा वाटला. शिवा दोरी सोडायला लागला होता, त्याचा जोडीदार पाइप गुंडाळत होता. तिने पिशवी घेतली, चपला घातल्या आणि ती लिफ्टने खाली गेली.

मेडिकलमध्ये गर्दी होती. पावडर घेतली, येताना कोथिंबिरीची जुडी घेतली. इमारतीच्या मागच्या गल्लीतून सावली असते म्हणून ती तिकडून वळली आणि सवयीने तिने वर आपल्या खिडकीकडे पाहिलं.

खिडकीबाहेर माणूस होता.

पाठ गल्लीकडे, तोंड भिंतीकडे. एक पाय पट्टीवर, दुसरा पट्टीच्या कडेला अर्धा हवेत. एका हाताने त्याने खिडकीची चौकट धरली होती आणि दुसऱ्या हाताने ड्रिल मशीन भिंतीत दाबलं होतं. लाल विटांची भुकटी खाली उडत होती. निळा शर्ट. शिवाच.

कमलचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. हाक मारावी तर तो दचकेल. मान वळवून खाली बघेल. बघितलं की तोल जाईल. छातीतून वर आलेली किंकाळी तिने गिळली. संघर्षला शिव्या घालाव्यात, त्या शिवाला शिव्या घालाव्यात, सगळी गल्ली गोळा करावी असं तिला वाटत होतं, आणि तिला उभ्या जागी कुजबुजायचीसुद्धा भीती वाटत होती.

खिडकीच्या बरोबर खाली, गल्लीत, पहिल्या मजल्यावर राहणारी शांता खुर्ची टाकून लसूण सोलत बसली होती. कमल चवड्यांवर चालत तिच्याजवळ गेली आणि तिने तिचा दंड धरला.

"ऊठ."

"काय गं? काय झालं?"

"बोलू नको. वर बघू नको. ऊठ आणि चल."

शांताने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि लसणाचं ताट तसंच टाकून उठली. गल्लीच्या तोंडाशी दोन पोरं क्रिकेट खेळत होती. कमलने हाताच्या खुणेनेच त्यांना मागे हटवलं. ती आणि शांता समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या. ड्रिलचा आवाज थांबला. आतून कोणीतरी लोखंडी ब्रॅकेट बाहेर दिला. तो घ्यायला शिवाने चौकटीवरचा हात सोडला आणि भार दुसऱ्या पायावर दिला.

पट्टीचा कोपरा तुटला.

आवाज फार मोठा झाला नाही. भाजलेल्या पावाची कडक कडा मोडावी तसा. सिमेंटचा तुकडा आणि त्यामागून ब्रॅकेट खाली आला, शांताच्या खुर्चीवर आपटला, खुर्चीचा पाय मोडला, लसणाच्या पाकळ्या गल्लीभर उडाल्या. वर शिवा एका हाताने ग्रिलला लोंबकळत होता. ग्रिलची एक बाजू भिंतीतून सुटून पुढे आली होती. आतून दोन हात बाहेर आले, मग आणखी दोन. त्यांनी त्याची कॉलर धरली, पँटचा पट्टा धरला, आणि भिंतीला पोट घासत त्याला आत ओढून घेतलं. त्याचे पाय खिडकीत दिसेनासे झाले.

तेव्हा कुठे शांता ओरडली. कमल ओरडली नाही. ती लिफ्टकडे चालू लागली.

दार उघडंच होतं. शिवा जमिनीवर बसला होता, शर्ट फाटलेला, पोटावर ओरखडे. जोडीदार त्याला पाणी पाजत होता. दिवाण खोलीच्या मधोमध आला होता, दोरी अजून त्याच्या पायाला होती. संघर्ष भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या ओठांवर रंग नव्हता. पोर रडत होती.

कमलने पावडरचा डबा टेबलावर ठेवला. मग तिने संघर्षच्या खांद्यावर, पाठीवर, जिथे लागेल तिथे मारायला सुरुवात केली. तो लहान असतानासुद्धा तिने त्याला असं मारलं नव्हतं.

"मला पावडर आणायला पाठवलंस! खोटं बोललास! म्हातारीला बाहेर काढायचं आणि माणूस टांगायचा!"

"आई, ऐक..."

"शांता खाली बसली होती! तिच्या डोक्यात पडलं असतं! हा खाली गेला असता तर काय सांगितलं असतंस ह्याच्या बायकोला? त्याचीच चूक झाली? चहा प्यायला गेला असतास तिच्याकडे?"

"आई, मी नको म्हटलं होतं त्यांना," आकांक्षा हळूच म्हणाली.

"आणि मग?"

"मग... गप्प बसले."

"गप्प बसलीस!" कमल तिच्याकडे वळली, पण कडेवरची पोर बघून पुन्हा संघर्षकडे फिरली. "दुसरी जागाच नव्हती? बोल ना! एवढी घाई कसली होती?"

संघर्षचा बांध फुटला. "होती जागा! गॅलरी होती! दुकानवाल्याने पहिल्यांदा तेच सांगितलं, गॅलरीत स्टँडवर ठेवा म्हणून. मग तुझी खाट कुठे टाकू? सांग! ह्या घरात तुला तेवढीच जागा आहे. ती पण मीच काढून घेऊ?"

कमल थांबली. हॉलच्या टोकाला काचा लावून बंद केलेली ती गॅलरी तिची होती. लोखंडी खाट, गोधडी, भिंतीवर नवऱ्याचा फोटो, खिळ्याला पिशवी. दिवसभर सगळ्यांच्या पायात वावरून झालं की ती तिथे जाऊन पडदा ओढून घ्यायची.

तिचा राग निवला नाही, उलट आणखी पेटला. आता तो कुठे ठेवावा हेच तिला कळेना.

"म्हणजे माझ्या खाटेसाठी?" ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "माझ्या नावावर मारणार होतास ह्याला? मला विचारलंस? एकदा तरी विचारलंस, आई, खाट हलवू का?"

संघर्ष खाली बसला आणि त्याने तोंड हातांत धरलं.

कमल शिवासमोर जाऊन उभी राहिली. "आणि तू रे? मी एवढी घसा फोडून सांगून गेले. तू तरी नाही म्हणायचंस."

"मी नाही म्हटलं की दुकानवाला दुसऱ्याला पाठवतो, मावशी," शिवा जमिनीकडे बघत म्हणाला. "मग मला फोनच येत नाही."

"दुसऱ्याला पाठवतो तर दुसऱ्यानेही नाही म्हणायचं! तिसऱ्यानेही! तुम्ही सगळे हो म्हणता म्हणून ते पाठवतात!"

"बोलायला सोपं आहे," शिवा म्हणाला. आता त्याच्याही आवाजाला धार आली. "तुमच्या घरात एक मुलगा आहे तुम्हाला सांभाळायला. माझ्या घरात मीच आहे. पंखा लावून झोपा ना सगळे, मग मी कशाला चढू?"

कमलने आत जाऊन हळदीची वाटी आणि कापूस आणला आणि त्याच्यापुढे आदळला. "पोटाला लाव. रक्त येतंय."

मग ती गॅलरीत गेली. गोधडी गुंडाळली, उशी काखेत मारली, फोटो खिळ्यावरून काढला. खाट ओढायला लागली तशी ती दारात अडकली. कोणी मदतीला येईना, तेव्हा ती ओरडली, "आता बघत काय बसलात? उचला!"

संघर्ष उठला. दोघांनी मिळून खाट आडवी करून बाहेर काढली. तो एका टोकाला, ती एका टोकाला, आणि दोघेही एकमेकांकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी शिवा आला. येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्याने गॅलरीच्या सरकत्या काचा काढल्या, म्हणजे गरम हवा बाहेर जाईल. जमिनीवर लोखंडी स्टँड ठेवला, त्याखाली रबराचे तुकडे घातले, दोघांनी मिळून युनिट उचलून त्यावर बसवलं, नटबोल्ट आवळले. स्वतः उभा राहून, दोन्ही पाय घरात ठेवून. मग हलवून दाखवलं. हललं नाही. कमल पूर्ण वेळ शेजारी उभी होती. जाताना दारात थांबून तो म्हणाला, "सर्व्हिसिंगलाही आता बाहेर जायला लागणार नाही, मावशी. आतूनच होईल."

"हं," कमल म्हणाली.

संध्याकाळी ती पट्टीचा तुटलेला तुकडा पिशवीत घालून सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, अभय परबांकडे गेली. पट्टीवर कोणाला चढू द्यायचं नाही असा फलक लावा म्हणाली. त्यांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि कमिटीपुढे ठेवतो म्हणाले. "कधी?" तिने विचारलं. पुढच्या मीटिंगला. "तोवर कोण चढलं तर?" त्यांनी खांदे उडवले. ज्याची त्याची जबाबदारी, ते म्हणाले. कमलने तिथे त्यांना जे सुनावलं ते जिन्यात तीन मजले ऐकू गेलं. परबांनी त्याच संध्याकाळी कागदावर स्केचपेनने लिहून लिफ्टमध्ये चिकटवलं.

आता कमलची खाट हॉलमध्ये होती, दिवाणाला लागून. पडदा नव्हता. ती आडवी झाली की घरातलं सगळं येणं-जाणं तिच्या उशाशी. संघर्ष दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता, ती त्याच्याशी बोलली नव्हती. ताट वाढायची ते आकांक्षाकडे देऊन.

रविवारी दुपारी पोर तिच्याजवळ झोपली होती. घामोळं सुकत आलं होतं. संघर्ष खाटेच्या कडेवर येऊन बसला.

"गॅलरीच्या त्या कोपऱ्यात कपाट हलवलं तर तुला बसायला जागा होईल," तो म्हणाला. "झोपायला नाही. पण बसायला."

"तिथे गरम वाफ मारते."

"संध्याकाळी बंद ठेवू एसी."

कमलने त्याच्याकडे बघितलं नाही. "आधी विचार मला," ती म्हणाली. "काय करायचं ते आधी विचार."

"विचारतोय की आता."

वरून एसीचा थंड वारा कमलच्या पायांवर येत होता. तो बरा वाटत होता, आणि बरा वाटतोय ह्याचाही तिला राग येत होता. तिने गोधडी पायावर ओढली, पोरीच्या पाठीवर पावडर टाकली आणि म्हणाली, "कपाट हलवताना मला उठव. एकट्याने ओढू नको."