वळणावर अडकणारी बस

"गेली! परत नाल्यात गेली!" दादानं स्टिअरिंगवर मूठ आपटली. पडद्यावरची बस पुलाचा कठडा तोडून चिखलात रुतली होती. "वळण आलं की चित्र अडकतं. सुटतं तेव्हा मी नाल्यात असतो. यात माझा काय दोष?"

"तुझा कशाला असेल?" मी म्हणालो.

दादा माझा थोरला भाऊ. उभा जन्म त्यानं बस चालवली. मग डॉक्टर म्हणाले, हाताला हुकूम उशिरा पोचतोय, आणि त्याला गाडीवरून खाली उतरवलं. पुढच्या आठवड्यात फेरतपासणी होती. तीत निभावलं तर बस परत, नाहीतर कायमचं घर. म्हणून टेबलाला खेळातलं स्टिअरिंग जखडून तो सकाळपासून बसचा गेम खेळत बसायचा.

"भावजी, मशीनच बिघडलंय ना?" वहिनी दारातून विचारायची. "हात नाही ना?"

कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा. मेमरी तोकडी होती हे खरंच होतं. रस्ते, घरं, झाडं तिच्यात मावत नव्हती. वळण आलं की पुढचं चित्र डिस्कवरून ओढून आणावं लागे आणि तेवढ्यात घोटाळा होई. मी छातीठोकपणे सांगितलं, "वहिनी, हात ठणठणीत आहेत. मेमरीच."

मेमरीच्या जुन्या पट्टीशेजारी मी नवी, मोठी पट्टी बसवली. अडकणं कमी झालं, पण गर्दीच्या चौकात बस ठेचकाळायचीच. नवी कितीही चपळ असली तरी जुनीबरोबर जुंपली की तिला जुनीच्याच चालीनं चालावं लागतं. हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो, आणि घरच्या कामात नेमकं विसरलो.

"म्हणजे अजून मशीनच!" दादा खूश झाला. त्याला इतकं खूश मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

शेवटी जुनी काढली, नवीला तिचीच सख्खी बहीण आणून दिली आणि सेटिंगमध्ये जाऊन दोघींचा पूर्ण वेग चालू केला. चित्र लोण्यासारखं सरकू लागलं. दादा ताठ बसला. सवयीनं आरसा नीट करायला त्याचा हात वर गेला आणि आरसा नाही हे कळल्यावर खाली आला.

"आता बघाच," तो म्हणाला.

वळण आलं. चित्र अडकलं नाही. चित्राचा वेग दाखवणारा कोपऱ्यातला आकडा जागचा हलला नाही. दादाचा हातही हलला नाही. हलला तेव्हा फार उशीर झाला होता. बस एकही झटका न खाता, अगदी स्वच्छ दिसत, नाल्यात गेली.

त्यानं परत सुरू केली. परत गेली. पुढच्या खेपेला मी पडद्याकडे बघणंच सोडलं. मला रडू येत होतं आणि स्वतःच्या हुशारीची चीड येत होती. वहिनी ओल्या हातांनी तशीच उभी होती.

"या नव्या पट्ट्या काढ," दादा म्हणाला.

"दादा, अरे त्या..."

"काढ म्हणतो ना. आपल्या मशीनशी त्यांचं पटत नाही. जुनी बरी होती."

मी वर बघितलं नाही. मशीन उघडलं, नव्या काढल्या, जुनी जागेवर दाबली.

"अहो, तपासणीला जायचंय ना?" वहिनीनं हळूच विचारलं.

"असल्या मशीनवर सराव तरी कसा व्हायचा? राहू दे या खेपेला."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून ती त्याच्या शेजारी बसली.

"खरंच हो," ती म्हणाली. "मेलं मशीनच धड नाही."

दादानं गेम सुरू केला. वळण आलं आणि चित्र थबकलं. बस अजून पुलावरच होती. दादानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.